सिंधूचा हुंकारा

नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या फ्लॅटमधला सोफा एवढा मऊ होता, की मी बसलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांना माझे पाय दिसले असतील. शेजारी माझी धाकटी बहीण सिंधू, पदर मुठीत घट्ट धरून. तिच्या पलीकडे तिची लेक अस्मिता. समोर मुलाकडचे, फ्लॅट त्यांचाच: होणारा जावई अंकित, त्याची आई मायाताई आणि मामा विक्की. लग्न ठरलेलंच होतं. ते कुठे लावायचं, एवढं ठरवायला रविवारी सकाळी आम्ही जमलो होतो.

सिंधूला ते गावात हवं होतं, पारशिवनीला, बुद्धविहारासमोर. कारण विहाराच्या समोरच तिच्या नणंदेचं, प्रेमिलाचं दार. नवरा गेल्यावर सिंधू संत्र्याच्या बागेत कामाला जायची, आणि अस्मिताला न्हाऊमाखू घालायची ती प्रेमिला. आता कंबर मोडून खाटेवर पडलेली. खाट दारात ओढली की तिला सगळं लग्न दिसेल. गाडीत घालून नागपूरला आणायला डॉक्टर नाही म्हणतो.

एवढंच तर सांगायचं होतं. पण येताना बसमध्ये अस्मिता आईच्या कानाशी लागून म्हणाली होती, "आई, तिथं मले-तुले नको करू वं. हसतात लोक." पोर वाईट नाही. ऑफिसात तिलाच कोणी हसलं असेल.

मग काय! सिंधू एक वाक्य मनात घेई, शहरी करायला ते धुई, पिळी, इस्त्री करी, आणि तोंडाशी आणी तोवर बोलणं पुढच्या गावाला पोहोचलेलं.

"मला असं वाटतं..."

"एक्झॅक्टली!" विक्कीमामा म्हणे. "गावात पार्किंगचं काय? हॉल इज बेस्ट."

"आमच्या प्रेमिलाबाई..."

"त्यांना गाडी पाठवू की!" मायाताई म्हणाल्या. बाई मायाळू हो, फक्त एकदा सुटल्या की थांबा घेत नसत. "डेकोरेशन मी म्हणते पांढरं-निळंच करू, आणि जेवणात..."

जेवण झालं, फोटोवाला झाला, बँड झाला. सिंधूने पदर तोंडाला लावला. विक्कीमामाने फोन काढला. "मग हॉल फायनल करून टाकू?"

"करा, करा," मी म्हणालो. "त्याच्याआधी एक सांगतो. आमच्या गावात पेंचच्या जंगलातला वाघ दाढी कराले येते."

फोन खाली आला. "वाघ?"

"पण आमच्याकडची पद्धत अशी, की गोष्ट सांगताना एकानं हुंकारा द्यायचा. तो 'हूं' म्हणेल तर गोष्ट पुढे. त्याचा हुंकारा थांबला की गोष्ट तिथंच उभी, आणि मधे दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. हुंकारा आमची सिंधू देईल."

कोणी हरकत घेतली नाही. वाघापुढे कोण हरकत घेतो?

"तर वाघ खुर्चीवर बसला."

"हूं," सिंधू म्हणाली.

"न्हाव्यानं साबण लावला. वाघाचा जबडा तो, फेस एवढा झाला की आठवडी बाजार त्यात बुडाला, काही लोकांची चप्पल अजून सापडली नाही."

"हूं."

"वस्तरा गळ्याशी नेला. आणि तेवढ्यात न्हाव्याला आली शिंक..."

सिंधू गप्प. मीही गप्प.

"पुढे?" विक्कीमामा सोफ्याच्या काठावर आला होता.

"माझ्या हातात नाही बाप्पा. तिला विचारा."

"सिंधूताई, म्हणा ना हूं!" मायाताई कळवळल्या.

सगळी खोली तिच्या तोंडाकडे बघत होती. सिंधूने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"दादा, तुह्या वाघाले बसू दे थोडं," ती म्हणाली. "मले बोलाचं हाये."

आणि बोलली. धुतलं नाही, पिळलं नाही. "प्रेमिलाबाईनं वाढवलं जी माह्या पोरीले. मी अंधारातच बागेत जाओ, हिच्या वेण्या ते घाले. स्वतः भाकर खाये, हिले पोळी दे. आता उठता येत नाही तिले. हिचं लगन तिनं नाही पाह्यलं तं मी कोणतं तोंड दाखवू? गाड्या ह्या दादाच्या वावरात लावा. पांढरं करा, निळं करा, पण तिच्या दारापुढं करा."

विक्कीमामाने तोंड उघडलं. मायाताईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब रे. त्यांचं होऊ दे."

पण सिंधूचं झालं होतं.

"मला कोणी सांगितलंच नाही हो हे," मायाताई म्हणाल्या.

"आई," अंकित हळूच म्हणाला, "त्या मघापासून तेच सांगत होत्या."

मायाताई जराशा लाल झाल्या. मग उठून सिंधूजवळ येऊन बसल्या, आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

अस्मिताने डोळे पुसले, फोन लावला, स्पीकरवर टाकला. "आत्या, तुह्या दारात लगन करून राहिलो वं आमी."

पलीकडे पंखा घरघरत होता. त्यातून आलं, "काहून वं? नागपुरात जागा नोहोती का?" आणि नाक ओढल्याचं ऐकू आलं. "जवाई हाये का तिथं? विचार त्याले, तिखट चालते का?"

"चालते, आत्या," अंकित फोनकडे वाकला.

"अन् पोहता येते का?"

लग्नाचा आणि पोहण्याचा काय संबंध, कोणालाच कळलं नाही. कोणी विचारलंही नाही. विक्कीमामासकट आम्ही सारे गप्प बसलो आणि म्हातारीला तिच्या जावयाशी पोटभर बोलू दिलं.