कॉलनीतला शेजार

शिळफाट्याच्या प्रयोगशाळेतली बाकीची माणसं घरी गेली, तरी माधवी काचेच्या ताटलीपाशीच बसून होती. पाण्याच्या पाइपात आतून बुळबुळीत थर चढवणारे जंतू शोधायचं तिचं काम. हे जंतू अंगाबाहेर अमायलॉइड प्रथिनाचे धागे विणतात. माणसाच्या मेंदूत तसले धागे साचले, तर माणूस आपल्याच माणसांना विसरतो. आणि हे मेले जंतू त्याच धाग्यांनी एकमेकांना असे घट्ट धरून बसतात, की पाण्याच्या लोंढ्यालाही दाद देत नाहीत. धाग्यांनी ताटलीतला लाल रंग पिऊन त्यांच्या वस्तीचे ठिपके लालभडक, सुरकुतलेले उठले होते. एकच ठिपका फिकट, गुळगुळीत राहिला होता. त्यातल्यांना धागा विणताच येत नव्हता.

तेवढ्यात गावाहून, पोशीरहून आईचा फोन आला. "काय करतेस गं?"

"कॉलनी बघतेय, आई."

प्रयोगशाळेत जंतूंच्या अशा ठिपक्याला कॉलनी म्हणतात, हे आईला कुठलं ठाऊक!

"बरं झालं बाय, कॉलनीत खोली बघतेस. माणसं कशी हायत?"

माधवी खुलासा करणार होती. पण आपल्या भाड्याच्या खोलीचं दार शेवटचं कुणी वाजवलं, ते तिला आठवेना.

"एकमेकांना धरून असतात," ती म्हणाली.

"मग मला घोर नाय. सगळीच?"

माधवीनं फिकट ठिपक्यावरच्या काचेला बोट लावलं. "एक आहे, तिचं कुणाशीच जुळत नाही."

"मग तिला एकटं टाकू नको गं," आई म्हणाली.