विषम साखळी

आमच्या ह्यांना जाऊन वर्ष झालं, पण हे घरातून काही हलले नव्हते. दुपारी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेलं की खुर्चीची गादी उबदार लागायची आणि बामाचा वास यायचा. मला भीती नाही वाटली, वैताग मात्र यायचा. जिवंतपणीही हा माणूस चार हाका मारल्याशिवाय जेवायला उठला नाही, आता तर बघायलाच नको.

त्यांना धरून ठेवलं होतं एका नव्वद आकडी संख्येनं. ह्यांचा खेळ असा: ज्यांनी संख्येला पूर्ण भाग जातो अशा, तिच्याहून लहान सगळ्या संख्या मिळवायच्या आणि येईल त्या बेरजेवर पुन्हा तेच, अशी साखळी. पस्तीसचे एक, पाच आणि सात मिळून तेरा. तेरा ही मूळ संख्या, तिला एकाशिवाय कोणी भागत नाही, म्हणून पुढे एक, मग शून्य, खेळ खलास. ह्यांची साखळी विषम संख्येपासून निघाली होती आणि कधी सम झाली नव्हती, याचं त्यांना भारी कौतुक.

ह्यांची बहीण कॉलेजात गणित शिकवते. ती दर शनिवारी येऊन ह्यांच्या कॉम्प्युटरवर साखळी पुढे सरकवायची. साखळी चालू होती तोवर हे खोलीत होते.

एका शनिवारी ती आत फार वेळ बसली. बाहेर येऊन म्हणाली, छान चाललंय, वर्षानुवर्षं संपायचं नाही. मी हरखले. पण चहा घेऊन गेले तर गादी थंडगार, वास नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पडद्यावरच्या लांबलचक संख्येच्या शेवटी आठ होता.

तिला बोलावून विचारलं, तशी ती रडायलाच लागली. खरी संख्या मूळ निघाली होती. मला सोबत राहावी म्हणून तिनं शेवटचा आकडा बदलून ती सम केली होती, सम संख्यांची साखळी बहुधा वाढतच जाते म्हणून. मला तिचा राग आला आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. पण चुकीचं गणित ह्यांना कधी खपलं नाही, बहिणीचंसुद्धा.

"वन्सं, खरी संख्या परत घाला," मी म्हटलं.

"वहिनी, मग दोनच पायऱ्या उरतील."

"उरू देत."

तिनं आठाचा तीन केला. चहा निवायच्या आत बामाचा वास आला. ती हळूच म्हणाली, बटण दाबूच नका, दादा असाच बसेल. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण गणित अर्धं टाकून ह्या माणसाला कधी झोप लागली नव्हती. अख्खी दुपार मी त्यांच्याशेजारी बसले, जुनी भांडणं काढली, दोन्ही कप मीच संपवले.

मग बटण दाबलं. एक आला. पुन्हा दाबताना सवयीनं तोंडून गेलं, "या हं." निघालेल्या माणसाला जा म्हणायचं नसतं. पण परत यायला आता त्यांच्याकडे एकही संख्या उरली नव्हती.