मी लिफ्ट दुरुस्त करते

ऐका ना, आणि मध्ये बोलू नका, नाहीतर मी विसरेन. माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो ते तुम्हाला माहितीच आहे. त्याला जिच्याशी लग्न करायचंय, म्हणजे माझी होणारी वहिनी, तिच्या घरी दुसरीच भाषा बोलतात. तिला आपलं सगळं येतं, शिव्यासुद्धा. पण तिच्या बाबांना आपल्यातलं ओ की ठो कळत नाही. ते आयुष्यभर लोकांच्या घरी फरश्या बसवायचे, आता घरीच असतात, आणि त्यांनी एकच अट घातली. जावई माझ्याशी माझ्या भाषेत बोलला पाहिजे, एक कप कॉफी संपेपर्यंत. मुलीनं मध्ये पडायचं नाही. जमलं तर लग्न, नाही जमलं तर कॉफी छान होती म्हणायचं आणि घरी जायचं.

वहिनी म्हणाली, मी शिकवते. पहिल्याच धड्याला दोघं असे भांडले की लग्नच मोडतंय की काय असं झालं. मग दादा म्हणाला, "मी माझं माझं शिकतो," आणि मोबाइलवर ॲप घेतलं.

त्या ॲपमध्ये एक बाई बोलते. गोड आवाज. तिच्यामागून आपण म्हणायचं, बरोबर आलं की टुंग वाजतं. दादाला त्या टुंगचं असं वेड लागलं की सोय नाही. दात घासताना टुंग, जेवताना टुंग. आई म्हणायची, "अरे, घास तरी गिळ, ती बाई कुठे पळून चाललेली नाही." कामावर तर लिफ्टच्या टपावर बसून कानात इयरफोन घालून चालू. खाली अडकलेली माणसं ओरडतायत, "अहो, काय झालंय, कधी निघणार?" आणि वरून कुणीतरी शांतपणे परक्या भाषेत सांगतंय की आज हवा छान आहे.

वहिनीला मात्र त्यानं एक शब्द ऐकू दिला नाही. म्हणे थेट बाबांसमोरच बोलणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच.

रविवारी गेलो. आईनं मला मुद्दाम बरोबर पाठवलं, "लक्ष ठेव गं, घाबरला की ततपप करतो तो." बाहेरच्या खोलीत दादा आणि काका, म्हणजे वहिनीचे बाबा, समोरासमोर. खालच्या फरश्या इतक्या सरळ बसवलेल्या की पाय ठेवायला भीती वाटावी. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात, दार किलकिलं करून, आणि ती माझ्या कानात सगळं आपल्या भाषेत सांगत होती.

काकांनी भला मोठा कप भरून घेतला आणि विचारलं, "काय काम करतोस?"

दादा ताठ बसला आणि न अडखळता घडाघडा बोलला. वहिनीनं माझा दंड असा आवळला की अजून दुखतोय.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मी लिफ्ट दुरुस्त करते."

"बरोबर आहे की."

"करते," वहिनी म्हणाली. "अगं, कर-ते."

त्यांच्या भाषेतपण आपल्यासारखंच आहे, बाईचं बोलणं वेगळं, बाप्याचं वेगळं. आणि दादा सगळं त्या बाईकडून शिकलेला!

काकांचा चेहरा फरशीसारखाच. "एकटा राहतोस?"

"नाही, आईबरोबर राहते. मी लवकर उठते. मी केस विंचरते. मी तुमच्या मुलीची वाट बघते."

"माझ्या मुलीला नवरा पाहिजे असं मी ऐकलं होतं," काका म्हणाले.

दादाला नेमका 'नवरा' कळला. "हो!" तो खूश. "मी नवरा होणारी आहे."

वहिनीनं तोंडात फडकं कोंबलं. मला वाटलं हसतेय, पण डोळे भरलेले. "संपलं गं," म्हणाली, "बाबांना वाटतंय तो त्यांची थट्टा करतोय." कारण काकांनी दोन मोठे घोट घेतले होते आणि बाहेरच्या दाराकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, दादाच्या छातीवर ठेवलं, आणि सावकाश म्हणाले, "मी बाप्या. तू बाप्या. बाप्यासारखं बोल. नाहीतर ऊठ."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या ॲपमध्ये पुरुष एकच आहे. एक आजोबा. मधूनमधून येतात, कुरकुर करतात आणि जातात. दादाकडे पुरुषाची वाक्यं तेवढीच.

त्यानं डोळे मिटले. "मी म्हातारा आहे," तो म्हणाला.

काका कप हातात घेऊन तसेच थांबले.

"माझे गुडघे दुखतात."

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"थंडी वाईट आहे. जिने वाईट आहेत."

"जिन्याचं नाव काढू नकोस!" काका म्हणाले. "आणि खाली बसून उठताना?"

"देवा, उचल मला," दादा म्हणाला.

"अगदी!" काका खुर्ची पुढे ओढून बसले. कॉफी विसरले.

"मी डॉक्टरकडे जात नाही," दादा म्हणाला. "मी डॉक्टरला घाबरतो."

काकांनी कप खाली ठेवला. स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं, आवाज बारीक केला आणि काहीतरी म्हणाले. मी वहिनीला कोपरानं ढोसलं, "अगं सांग ना, काय म्हणाले?"

"म्हणाले, मीपण घाबरतो. डॉक्टरनं गुडघा बदलायला सांगितलाय." तिनं फडकं ओट्यावर आपटलं. "मला म्हणाले होते, मलम दिलंय."

आणि ती सरळ बाहेर, मी तिच्या मागे. "बाबा!"

"तू मध्ये पडायचं नाही असं ठरलं होतं," काका म्हणाले, हे मला वहिनीनं नंतर सांगितलं. "कॉफी अजून संपलेली नाही."

वहिनीनं कप उचलला, उरलेली गार कॉफी उभ्याउभ्या घटाघटा पिऊन टाकली आणि कप उपडा करून दाखवला. मग दोघं जे काही कडाकडा बोलले, त्यातलं आम्हा भावंडांना कणभर कळलं नाही. आम्ही दोघं आपले फरशीकडे बघत बसलो. मध्येच काका दादाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले आणि वहिनी मटकन खाली बसली.

"काय झालं?" दादानं विचारलं. "नाही म्हणाले ना?"

"ऑपरेशन करून घेणार म्हणतायत," वहिनी म्हणाली. "लग्न त्यानंतर, त्यांना उभं राहता येईल तेव्हा. आणि डॉक्टरकडे तू बरोबर पाहिजेस. डॉक्टरशी तूच बोलायचं. म्हणतात, घाबरतो असं सांगायला मला लाज वाटते, पण या पोराला ते वाक्य चोख येतं."