देवीखालचा वासा

होडीत काहीतरी बिनसलंय हे शुभांगीच्या तळपायांना कळलं होतं, पण तळपायांचं म्हणणं घरात कोण ऐकून घेणार? धरणाच्या मधोमध ती मोटरीचा दांडा वळवायची, तेव्हा होडीचं नाक जरा उशिरा वळायचं. उरलेल्या होडीशी त्याचं जमेनासं झाल्यासारखं. मग पायाखालून एक बारीक थरथर जायची. बाकीच्या बायका आपल्या गप्पांत असायच्या. घट बसल्यापासून शुभांगीला घास गोड लागत नव्हता.

होडी तिच्या सासऱ्यांची. कुठल्याशा बंद पडलेल्या सहलीच्या ठिकाणाहून भिमाजींनी ती जुनी फायबरची होडी उचलून आणली, तेव्हा गावानं पोट धरून हसून घेतलं होतं. माणसानं बैल आणावा, ट्रॅक्टर आणावा. हा गडी होडी घेऊन आला! पण झेंडूचा मळा धरणापलीकडे आणि फुलांची पिकअप उभी राहायची ती अलीकडे, गिरणाऱ्याच्या रस्त्याला. वळसा घालून जायचं तर निम्मा दिवस वाटेतच जायचा आणि कच्च्या रस्त्याच्या गचक्यांनी फुलांचा चुरा व्हायचा. होडी आली आणि हसणारेच उद्या येऊ का म्हणून विचारायला लागले. नवरा ललित सातपूरला कंपनीत, त्यामुळे मोटर शिकली ती शुभांगी.

उद्या खंडेनवमी, दसऱ्याच्या फुलांची मोठी तोडणी. सकाळी होडीभर बायका पलीकडे न्यायच्या, संध्याकाळी त्याच बायका फुलांच्या क्रेटांसकट परत आणायच्या. सासूबाई मालनबाईही त्यांच्यातच. त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं, आणि दांडा शुभांगीच्या हातात असणार होता.

"मामा, वासे एकदा बघा ना," दुपारी ती तिसऱ्यांदा म्हणाली.

अशा होडीच्या तळाशी लाकडाचे लांब दांडे असतात. त्यांच्यावर फायबरचा थर चढवून ते पार बुजवलेले, वर पुन्हा फळी. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही, पण सगळा भार तेच पेलतात. भिमाजी त्यांना घरच्यासारखं वासे म्हणायचे.

"घट बसायच्या आधीच बघितले की! टणटण वाजत्यात. तुला आता पाण्याचंच भ्या वाटाया लागलंय."

"वाटतंय भ्या. तरी पण बघा."

भिमाजी बडबडले, पण उठले. सून तोंड पाडून बसली की त्यांना चहा कडू लागायचा, हे त्यांनी कधी कबूल केलं नसतं. होडी काठावर ओढून जुन्या टायरांवर टेकवलेली होती. त्यांनी लाकडी हातोडी घेतली आणि मोटरीकडून सुरुवात केली. ठण. ठण. ठण. प्रत्येक ठोक्याला ते सुनेकडे बघत, 'ऐकलंस?' अशा चेहऱ्यानं. आवाज खरोखरच खणखणीत होता. शुभांगीला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

मग ते पुढच्या बाकापाशी आले, हातोडी खाली केली, दोन पावलं बाजूनं चालले आणि थेट नाकाच्या टोकावर ठोकायला लागले.

"मामा, मधलं राहिलं."

"तिथं देवी हाय."

शुभांगी बघतच राहिली. पुढच्या बाकापुढे वणीच्या देवीचा छोटा देव्हारा होता, मोटरीच्या हादऱ्यानं हलू नये म्हणून लांब स्क्रूंनी फळीत घट्ट बसवलेला. मालनबाई रोज सकाळी देवीवर तांब्याभर पाणी घालायच्या. नवरात्रात तिथंच घट मांडायचा: परडीत काळी माती, मातीत धान्य, आणि नऊ दिवस त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी. त्या जागेवर चप्पल तर सोडाच, कुणी अनवाणी पायही ठेवत नसे. मग हातोडी कोण मारणार? दरवर्षी होडी तपासली जात होती, आणि दरवर्षी तेवढी जागा सोडून.

"मामा, तिथंच बघायला पायजे," तिचा आवाज चढला.

"घट बसलेत! आता देवी हलवायची नाय, अन् तिच्या अंगावर हातोडी बी चालवायची नाय. गप घरी चल."

देवी हलवायची तिचीही छाती नव्हती. पण बाकाखाली, साचलेलं पाणी उपसायला, एक गोल झाकण होतं. होडीत चढून ती पालथी पडली, झाकण फिरवून काढलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खांद्यापर्यंत हात आत घातला. दिसत काहीच नव्हतं. बोटांनी वासा चाचपला. कडक. थोडं पुढे, कडक. आणखी पुढे, बरोबर देव्हाऱ्याखाली, फायबरला बारीक चीर लागली. तिनं टोक टेकवलं, जरासं दाबलं, आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

तिनं तो हळूच मागे ओढला.

हात बाहेर काढला तर बोटांना काळपट, ओला लगदा, चहाच्या चोथ्यासारखा. त्याला घटाच्या मातीचा वास येत होता. मालनबाई संध्याकाळचं पाणी घालायला तांब्या घेऊन आल्या होत्या, त्यांच्यासमोर तिनं तळवा उघडला.

"आत्याबाई, हा वासा हाय. होता. स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरत गेलंय."

मालनबाईंनी लगद्याकडे पाहिलं, मग हातातल्या तांब्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"एकच वासा ना?" भिमाजी म्हणाले. "बाकीचे शाबूत हायत. उद्याचा दिस जाऊ दे. दसरा झाला, घट हलले की उघडू. इतकी वर्सं देवीनं सांभाळलं, उद्या सोडंल व्हय?"

"मी उद्या होडी काढणार नाय, मामा."

"मग मी काढीन."

ते बोलले की करून दाखवणारे होते, हीच पंचाईत. मोटर तर त्यांना नीट चालवताही येत नसे. शुभांगी रडायच्या बेताला आली. बुडत्या बायकांचे चेहरे तिला आत्ताच दिसायला लागले होते, आणि त्यांत सासूचाही.

मालनबाई होडीत चढल्या. देवीसमोर वाकून फळीला कपाळ टेकवलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. मग उठल्या आणि ज्या जागेवर जन्मात कुणी पाय दिला नव्हता, तिथं, घटाच्या शेजारी, आपला उजवा पाय ठेवला. त्याच्यावर सगळा भार टाकला.

"अगं, काय करती!" भिमाजी ओरडले.

कर्र असा आवाज झाला आणि फळी खचली. देव्हारा एका अंगाला कलला, परडी घसरली, हिरवे-पिवळे कोंब मातीसकट सांडले. मालनबाईंनी झटकन वाकून देवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. भिमाजी हातोडी टाकून धावले, बायकोला कोपरापाशी धरून खाली उतरवलं. शुभांगीनं दुसरी बाजू सावरली.

"नवरात्रात देवी हलली," भिमाजी कसेबसे म्हणाले.

"आपण नाय हलवली," मालनबाई म्हणाल्या. "पडत व्हती. धरली."

भिमाजी खचलेल्या फळीकडे बघत राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं.

"बायांना फोन लाव पोरी," ते शेवटी म्हणाले. "पहाटं पिकअपनं निघायचं म्हणावं, वळसा घालून. फुलं चेंबली तर चेंबली."

शुभांगीनं कुसाबाईला फोन लावला. ऐन तोडणीत होडीला काय धाड भरली, म्हणून तिकडून मोठ्यानं विचारणा झाली. देवीचं नाव घ्यावं, की सासूच्या तांब्याचं? ती शब्द जुळवत होती, तेवढ्यात भिमाजींनी फोन तिच्या हातातून घेतला.

"कुसाबाई, होडीला काय नाय झालं," ते म्हणाले. "मीच नीट बघितली नव्हती. पोरगी सांगत व्हती, मी ऐकलं नाय."

फोन परत करताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मालनबाई देवीला पदरात घेऊन घराकडे निघाल्या होत्या, ते त्यांच्या मागून चालायला लागले.