वर गेल्यावर लागणारा सूर

अख्ख्या मराठवाड्यात आवाजाची नस ओळखणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, याबद्दल बसवेश्वरआप्पांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ओसरीत बसून विमानाच्या धुराड्याची नळी कानशीनं घासता घासता ते हेच गंगासागरबाईंना ऐकवत होते. तेवढ्यात बाईंनी परसातून विचारलं, "कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हो?"

"झाल्या का?" आप्पा म्हणाले.

डाळ करपल्याचं मग वासानंच कळवलं.

कापडाचं दुकान पोराच्या हवाली करून आप्पांनी विमानं उडवायला घेतली होती. विमान कवेत मावेल एवढं, हातातल्या रिमोटवर उडणारं, पण इंजन खरं, तेल पिणारं. मधे फुगलेली ती नळी त्याच इंजनाची. तिच्यातून निघालेला आवाज टोकाला आपटून माघारी येतो आणि बाहेर निसटलेलं तेल पुन्हा आत ढकलतो. तो वेळेवर आला की इंजनाला जोर चढतो. नळी लांब असली तर उशिरा येतो, आखूड असली तर लवकर. सगळी मेख नखभर फरकात.

मागच्या रविवारी नळी नखभर लांब राहिली. जमिनीवर इंजन असं गायलं, की पारावरची माणसं उठून आली. पण हवेत गेल्यावर पंखा हलका झाला, भराभर फिरू लागला, आणि माघारी येणाऱ्या आवाजाची त्याच्याशी गाठ पडेना. विमानानं एक आवंढा गिळला आणि ते माळाला लागून असलेल्या धर्मराजच्या तुरीत पडलं. एवढ्याशा विमानानं सगळं वावर आडवं केल्याची तक्रार धर्मराजनं त्याच संध्याकाळी सरपंच वनमालाताईंकडे नेली.

ताईंनी निवाडा दिला. "येत्या रविवारी माझ्यासमोर उडवा. नीट उतरलं तर गावचा माळ दर रविवारी तुमचा. पडलं तर इमान कपाटावर."

म्हणून आप्पांनी नळी कापली होती, आणि कापलेली नळी काही वाढत नाही.

रविवारी माळावर गाव जमलं. नेकनूरला बाजाराला निघालेलेही एस. टी. सोडून थांबले. आप्पांनी इंजन चालू केलं. आवाज बसका, घसा धरल्यासारखा.

"बे आप्पा," धर्मराज म्हणाला, "मागच्या खेपेला निदान वाजत तरी व्हतं. कावून कापलास?"

"खाली वाजायसाठी कापलंच न्हाई."

"मग कुठं वाजनार हाय?"

आप्पांनी बोट आभाळाकडे केलं.

धर्मराजनं वर नीट पाहून घेतलं. "तिथं ऐकायला कोन बसलंय?"

लोक हसले. कुणी इंजनाला सुंठीचा काढा पाजायला सांगितलं, कुणी काढलेला तुकडा परत डकवायला. आप्पा ढिम्म. कापड किती आणि कसं फाडायचं हे गिऱ्हाइकांनी त्यांना जन्मभर शिकवलं होतं. त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

विमान धावलं, धावलं, धावतच राहिलं. माळाच्या टोकाची बाभूळ जवळ आली तेव्हा कुठं नाइलाजानं उचललं गेलं. धर्मराज आपल्या तुरीकडे चालू लागला.

आणि वर घसा सुटला. आधी गुळणी केल्यासारखं झालं, मग एकच सूर लागला, तारेसारखा ताठ. विमानानं नाक वर केलं, उभं चढलं, उलटं होऊन गावाला पाठ दाखवली आणि सरळ झालं. धर्मराज अर्ध्या वाटेवर थांबला. आप्पांनी दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या, त्या फक्त त्याच्यासाठी. मग विमान असं अलगद उतरवलं, की चाकांनी धूळसुद्धा विचारून उडवली.

"माळ तुमचा, आप्पा," वनमालाताई म्हणाल्या.

आप्पांनी मान तेवढी हलवली. जास्त हलवली तर आनंद दिसला असता.

ताई पदर सावरत जवळ आल्या. "एक इनंती व्हती. आमची ज्वारी हुरड्यात आलीय, पाखरं लई बसायलीत. डबे बडवून सासूबाईचे हात भरून आलेत. तुमी सकाळच्याला जरा..."

"आणतो की. वावरावरून चांगल्या फेऱ्या मारतो."

"न्हाई, उडवू नका," ताई म्हणाल्या. "बुजगावण्याशेजारी खुंट्याला बांधून नुसतं चालू ठिवा."