बाईंची बुटकी तिपाई

मी एक तिपाई बोलतेय. आवाज खालून येतोय म्हणून दचकू नका, माझी उंचीच तेवढी आहे. इस्पितळाच्या सुताराने मला घडवलं तेव्हा मी चांगली गुडघाभर होते, पण एका अंगाला कलायची. त्याने एक पाय कापला, तर मी दुसरीकडे कलले. मग दुसरा कापला, मग तिसरा, मग पुन्हा पहिला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! प्लास्टरच्या खोलीत एका कोपऱ्यात मी पडून राहिले.

तिथून मला पाळकबाईंनी उचललं. मिशनच्या या इस्पितळातल्या त्या प्रोटेस्टंट पाळक. सुई टोचणं, गोळ्या देणं त्यांच्याकडे नव्हतं. आजारी माणसाजवळ बसायचं, त्याचं ऐकायचं आणि त्याने मागितली तरच प्रार्थना करायची, हे त्यांचं काम. कुणी त्यांना ‘मदर’ म्हटलं की त्या हसायच्या. “मदर नव्हे हो! माझा नवरा घरी भांडी घासतोय.”

सुतार शरमून म्हणाला, “बाई, ही नका घेऊ. चांगली उंच करून देतो.”

“हीच हवी. माणूस आधीच आडवा पडलेला. त्याने आणखी कुणाकुणाकडे मान वर करून बघायचं?”

तेव्हापासून मी बाईंच्या काखेत. खाटेपाशी गेलं की त्या आधी विचारायच्या, “बसू का?” कुणी नको म्हटलं तर मुकाट्याने पुढे जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. मी माणसं खूप पाहिली. डॉक्टर उभ्याउभ्या बोलतात आणि त्यांचा एक पाय पुढच्या खाटेकडे वळलेला असतो. नातेवाईक रोग्यासाठी फळं आणतात आणि गप्पांच्या नादात स्वतःच संपवतात. बसतात त्या फक्त बाई.

एकदा एक टेलरमास्तर आले. पाय सडत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “आज पाय काढला नाही, तर विष अंगभर पसरेल. मग माझ्या हातात काही नाही.” मास्तरांचं एकच उत्तर, “नाही.” आणि तोंड भिंतीकडे.

त्यांच्या बायकोने बाईंचे हात धरले. “तुम्ही सांगा त्यांना. देवाचीच इच्छा आहे म्हणा. तुमचं ऐकतील.”

“तसं नाही म्हणता येणार, ताई. देवाचं नाव घेऊन मी कुणाला घाबरवत नाही.”

“मग तुमचा उपयोग काय?” ती ओरडली. सगळा वॉर्ड बघू लागला.

बाई बाहेर आल्या, व्हरांड्यात मला मांडलं आणि बसल्या. माझ्यावर त्या रोजच बसायच्या, पण त्या दिवशी फार जड वाटल्या. ओठ हलत होते. थोड्या वेळाने डोळे पुसून त्या पुन्हा आत गेल्या.

“बसू का, मास्तर?”

“बसा. पण देवाचं काही काढायचं नाही.”

“नाही काढत.”

आणि त्यांनी खरंच नाही काढलं. माझ्यावर नुसत्या बसून राहिल्या. बायको खाटेच्या पायथ्याशी मुसमुसत होती. बराच वेळ गेला. मला तर वाटलं, आता हा माणूस हातचा जातो. तेवढ्यात मास्तर भिंतीलाच म्हणाले, “काढल्यावर त्याचं काय करतात?”

“कशाचं?”

“पायाचं. कचऱ्यात टाकत असतील ना? आयुष्यभर मशीन चालवलं त्याने. पोरांची शिक्षणं त्याच्यावर झाली.” त्यांनी मांडीवर हात ठेवला. “मेलो तर निदान अख्खा पुरतील.”

मरण, ऑपरेशन, खर्च, सगळ्यावर सगळे बोलले होते. हे मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, “डॉक्टरांना विचारून मी तो स्वतः नेईन. मागच्या दफनभूमीत पुरेन. शब्द देते.”

मास्तरांनी पहिल्यांदा मान वळवली. बाईंचा चेहरा त्यांच्या उशीच्याही खाली होता. “दोन शब्द बोलाल त्याच्यासाठी?”

“तुम्ही म्हणाल ते बोलेन.”

“म्हणावं, कामाला कधी नाही म्हणाला नाही.” एवढं बोलून त्यांनी होकाराची सही केली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा सत्कार होता, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल. सभागृहात सगळे खोळंबले होते आणि सत्कारमूर्ती दफनभूमीत फावडं मारत होत्या. सुताराने छोटी पेटी केली होती. या वेळी मापाला चुकला नाही. बाईंनी मातीत गुडघे टेकले, मास्तरांचे शब्द जसेच्या तसे म्हटले आणि त्या पायाबद्दल देवाचे आभार मानले. सुताराने टोपी काढून डोळ्यांवर धरली. सभागृहात पोचल्या तेव्हा हात चिखलाने बरबटलेले. मोठे डॉक्टर हातात सन्मानचिन्ह घेऊन घुटमळले. मागून मास्तरांची बायको पुढे आली. तिने आपल्या रुमालाने बाईंची बोटं एकेक करून पुसली. माझ्या मते सत्कार तोच. पुढची भाषणं मला आठवत नाहीत.

आता बाई निवृत्त झाल्यात. त्यांच्या जागी आलेले तरुण पाळक भले आहेत, पण पाय लांब. माझ्यावर बसले की गुडघे कानाला लागतात. म्हणून मी वॉर्डाच्या दाराशी असते. माझी फळी चिरली आहे. फार दिवस टिकेन असं वाटत नाही. तुम्ही कधी आजाऱ्याला भेटायला गेलात, तर उभ्याने निघू नका. बसा. बोलायला सुचलं नाही तरी बसा.

अजून एक माणूस मला नेमाने वापरतो. कुणाचा पाय काढायचा ठरला आणि तो नाही म्हणत असला, की सिस्टर टेलरमास्तरांना निरोप धाडतात. ते कुबडी टेकत येतात आणि खाटेपाशी बसून राहतात. बसणं त्यांना जमतं, उठणं जमत नाही. निघायची वेळ झाली की ते खाटेवरच्या माणसाला म्हणतात, “जरा हात द्या हो.” आणि सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेला तो माणूस उठून बसतो आणि त्यांना हात देतो.