रुख्माबाईची सही

मी स्टिक बोलतेय. छापखान्यात जुळारी डाव्या हातात जी वीतभर लोखंडी पट्टी धरतो आणि उजव्या हाताने तिच्यात शिशाचे खिळे एकेक करून लावतो, ती मी. छापलेल्या कागदावर माझा कुठेच ठसा नसतो, म्हणून मला कोणी ओळखत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. थोडंसं वाटतं.

स्वराज्य आलं त्या वर्षी मारोतरावांनी नागपूरच्या विणकर मोहल्ल्यात छोटा छापखाना घातला आणि मागावर धावणाऱ्या धोट्यावरून 'धोटा' नावाचं साप्ताहिक काढलं. मागावर बसलेल्याचे हात रिकामे नसतात, म्हणून दर शनिवारी कोणीतरी ओट्यावर बसून अंक मोठ्याने वाचायचा. जुळारी मात्र टिकेना. शेवटी मारोतरावांच्या बायकोने, रुख्माबाईने, मला उचललं. ती शाळेची पायरी चढली नव्हती. अक्षरं ती माझ्यातच शिकली, आणि माझ्यात अक्षरं डोकं खाली, पाय वर करून बसतात. तिच्या लेखी तीच सरळ. ओळ चुकली की ती माझ्यावर खेकसायची. चूक अर्थातच तिची असायची.

पाचव्या वर्षी उमरेडच्या विणकरांनी सुतासाठी मोर्चा काढला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, ईश्वरदास नावाच्या विणकराचा हात मोडला. ही हकिगत तिथल्या एका सरकारी नोकराने लिहून पाठवली. त्याचं नाव मी तुम्हालाही सांगणार नाही. 'धोटा'ने ती जशीच्या तशी छापली. सरकारी कागदांत मात्र मोर्चा निघालाच नव्हता.

मग व्हायचं तेच झालं. अंक जप्त, मारोतराव तुरुंगात. पेपर काढायचा तर छापणाऱ्याला कचेरीत आपल्या नावाचं जाहीरपत्र सहीनिशी द्यावं लागतं. मारोतरावांचं रद्द झालं. इंग्रज गेले, पण त्यांची ही रीत इथेच राहिली. काल अंक मागून नेणारे लोक आज आमची गल्ली टाळून जाऊ लागले. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

रुख्माबाई अर्धं काम टाकून उठली. मी हातात होते, तशीच तिने मला पिशवीत टाकलं आणि आपल्या नावाने जाहीरपत्र द्यायला कचेरी गाठली. उघड्या तोंडाची पिशवी तिथल्या साहेबांच्या टेबलावरच ठेवली, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. साहेब म्हणाले, जाहीरपत्र घेऊ, पण आधी तो मजकूर कोणी लिहिला ते सांग; नाहीतर लिहिता न येणाऱ्या बाईच्या हाती पेपर कसा द्यायचा?

तिने टाक उचलला आणि सही केली. बाईने जन्मात कधी कागदावर लिहिलं नव्हतं. नाव माझ्यात जसं दिसतं तसंच तिने काढलं, शिरोरेघ खाली आणि अक्षरं वर. साहेबांनी कागद फिरवून पाहिला, तरी वाचता येईना. कारकून हसले.

रुख्माबाईने टेबलावरचा टीपकागद घेतला, ओल्या शाईवर दाबला आणि फिरवून साहेबांपुढे धरला. रुख्माबाई मारोतराव. अगदी सरळ.

"छापलं का सरळ होते, साहेब," ती म्हणाली. "आता लिहून घ्या. ते बातमी म्या जुळवली. दुसरं नाव माह्या तोंडून निंगणार नाही."

साहेबांनी कायद्याचं पुस्तक चाळलं. सही नाकारायला कायद्यात जागा सापडेना, तेव्हा त्यांनी कागद ठेवून घेतला.

शनिवारी तीच बातमी पुन्हा निघाली, खाली तिचं नाव घालून. ओट्यावर वाचायला कोणी धजेना. मग शेजारच्या चंद्रकलेने अंक घेतला आणि अडखळत वाचला. ऐकता ऐकता एकेक माग थांबला.

त्याला आता तीन वर्षं झाली. मारोतराव सुटून आले, तुरुंगातला खोकला सोबत घेऊन. माझ्याही कडा झिजल्या आहेत. आज सकाळी पुन्हा नोटीस आली: यापुढे प्रत्येक ओळ आधी कचेरीत दाखवायची, मगच छापायची. मारोतराव म्हणाले, आता कसं करायचं? रुख्माबाईने मला हातात घेतलं आणि पहिल्या पानासाठी तीच नोटीस जुळवायला लागली, साहेबांच्या नावासकट.

मी भरत आले आहे, आता निरोप घेते. शनिवारी अंक निघेल. तो घ्या, आणि घडी करून सदऱ्यात लपवू नका. हातात उघडा धरून, भर रस्त्यातून घरी न्या.